सात नंबरची डबी

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. वाकून करतोय, कारण पुढे काम आहे.

सोबतच्या खोक्यात साबणाच्या वडीएवढा एक पंप आहे. तो कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर घ्यायची आणि चिमट्याने कॉलरला लावायची. नळीच्या टोकाला प्लॅस्टिकची गोल डबी आहे, तिच्यात पांढऱ्या कागदासारखा फिल्टर आहे. तू जी हवा नाकाने घेशील तीच हा पंप ओढेल आणि हवेतली धूळ फिल्टरवर बसेल. कामाची पाळी संपली की डबीला टोपण लावून मला टपालाने पाठवायची. पंप थोडा गुणगुणतो, पण तुझ्या बसच्या इंजिनापुढे त्याचं कोण ऐकणार?

प्रकरण असं आहे. रस्त्यावर ब्रेक झिजतात, टायर झिजतात, आणि त्यातून लोखंड, तांबं, जस्त अशा धातूंची बारीक धूळ उडते. बस चालवणाऱ्यांच्या नाकात ती किती जाते हे आमची प्रयोगशाळा मोजते आहे. तुमच्या डेपोतल्या काही चालकांना अशा डब्या दिल्या आहेत. तुझी सात नंबरची. धूळ जास्त निघाली, तर बंद केबिनच्या, आत गाळलेली हवा सोडणाऱ्या नव्या बस तुमच्या डेपोला मिळाव्यात अशी शिफारस आम्ही करणार आहोत.

आमच्या मॅडमनी विचारलं, "त्या डेपोत खात्रीचं कुणी आहे का?" मी म्हटलं, "आमची आत्या आहे. शब्दाची पक्की." तेव्हा आता माझी लाज तुझ्या कॉलरला टांगलेली आहे.

तुझा,
भाचा

११ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद नेहमीचेच. मागचे वापरून संपले असतील तर कळव, नवे धाडते.

तू एवढा शिकलास, मोठ्या प्रयोगशाळेत गेलास आणि शेवटी काय, तर धूळ गोळा करतोस. लहानपणीही अंगणात तेच करायचास. तेव्हा तुझी आई धपाटे घालायची, आता पगार मिळतो. प्रगती म्हणतात ती हीच.

डबी आली. तुझं काम झालं, डबी सोबत पाठवते आहे. फिल्टर बघ कसा आहे, पांढराशुभ्र. आमच्याकडची हवा चांगली आहे, उगाच कुणी काही म्हणू नये.

आता एक गोष्ट तुला सांगते, ती तुझ्या मॅडमना सांगू नकोस. डेपोत सगळे म्हणतात की डबी हे निमित्त आहे. ज्याची डबी काळी निघेल त्याची तब्येत गेली असं ठरवणार आणि त्याला गाडीवरून उतरवणार. भोंगा आठवतो ना तुला? आमच्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा ड्रायव्हर. डोळ्यांची तपासणी झाली आणि त्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. आता तो दिवसभर लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळतो. परवा त्याने मला हाक मारली तर मला ऐकूच आली नाही. भोंग्याची हाक ऐकू येत नाही म्हणजे काय ते समज.

मला खुर्चीत बसवलं तर महिनाभरात मी आंबेन. स्टिअरिंग हातात आलं तेव्हा सगळं गाव हसलं होतं, आणि आज त्याच लोकांची पोरं माझ्या गाडीला हात दाखवून थांबवतात. माझं बूड फक्त हलत्या सीटवर टिकतं. हे सगळं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

आतोबा मजेत आहेत. दुकान बरं चाललंय. लोकांच्या डोक्यावर केस उगवतात तोवर आमच्या घरात काळजी नाही.

आत्या

२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू शहरात बस चालवतेस की डोंगरमाथ्यावर?

तुझा फिल्टर आम्ही आम्लात विरघळवून यंत्रात घातला. लोखंड नावाला. तांबं नाहीच म्हटलं तरी चालेल. मॅडमनी यंत्र पुन्हा तपासायला लावलं. यंत्र ठीक आहे. मी म्हटलं, आमच्या आत्याचं नशीबच तसं आहे. आई तर म्हणते, तू लहानपणी चिखलात पडलीस तरी कोरडी उठायचीस.

सगळ्यांचे आकडे असेच आले, तर मॅडम म्हणतात, तुमच्या डेपोला नव्या बसची गरज नाही असं लिहावं लागेल. त्या बस मग दुसरीकडे जातील. चांगलंच आहे ना? हवाच शुद्ध असेल तर गाळायची कशाला?

दुसरी डबी पाठवतोय. त्या छत्र्यांच्या खोलीची काळजी सोड. तुझी डबी बघून तर तुला बढती द्यायला हवी.

तुझा,
भाचा

२ मार्च

ठोंब्या,

दुसरी डबी सोबत आहे.

नव्या बसचं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस खरं, पण मी ते घाईत वाचलं. आता नीट वाचलं. एकाच्या डबीवरून सगळ्या डेपोच्या बस जातात का? असं कसं चालेल? आमच्याकडच्या तरण्या पोरी त्या बसची वाट बघताहेत. एक तर नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली आहे, संध्याकाळी घरी गेल्यावर आधी अंघोळ करते आणि मगच पोराला घेते. तिला मी काय सांगू?

आणखी एक. समजा एखाद्याने डबी लावायची तशी लावली नाही, तर तुमच्या यंत्राला ते कळतं का? मी असंच विचारते आहे. मागच्या गल्लीतली एक बाई विचारत होती.

आता ऊन वाढू लागलंय. तू पाणी पीत जा. तुझ्या आईला सांग की मी चिखलात पडले नव्हते, तिने ढकललं होतं.

आत्या

१० मार्च

आत्या,

मागच्या गल्लीतल्या त्या बाईला सांग, यंत्राला कळतं.

झालं असं, की फिल्टर पाठवण्याआधी आणि आल्यावर आम्ही त्याचं वजन करतो. तुझ्या दोन्ही फिल्टरांवर धूळ चांगली भरपूर होती, पहिल्यावर धातू मात्र जवळजवळ नव्हता. रस्त्यावरची धूळ अशी नसते. मग दुसरा फिल्टर मी विरघळवला नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याच्यावर टाल्कम पावडर होती. आणि केस होते. बारीक कापलेले केस, काळे, पांढरे आणि एक तर चक्क कलप लावलेला. आत्या, तुझ्या बसमध्ये लोकांची दाढी करतात का?

मी तिथे एकटाच होतो म्हणून बरं. आधी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. आतोबांच्या दुकानातली ती आरशाशेजारची खुंटी मला आठवली, मी लहान असताना माझा सदरा तिथेच अडकवायचात. मग हसू थांबलं. मला वाईट वाटलं, ते स्पष्ट लिहितो. मी तुझं नाव छातीठोकपणे सांगितलं होतं.

तुझी भीती मी हसण्यावारी नेली, ती माझी चूक. आता नीट सांगतो. आमच्या कागदांवर कुणाचंही नाव नाही, फक्त डब्यांचे नंबर आहेत. कोणता नंबर कुणाचा हे डेपोला आम्ही सांगत नाही, सांगणारही नाही. काळ्या डबीवरून कुणाला उतरवता येणार नाही. पण खोट्या पांढऱ्या डबीवरून मात्र त्या बाळंतिणीची बस जाईल.

मॅडमना मी सांगितलंय की सात नंबरचे दोन्ही फिल्टर बाद. कारण त्यांनी विचारलं नाही, बहुतेक माझं तोंड बघून. नवी डबी पाठवतोय. लावायची नसेल तर परत पाठव. मी रागावणार नाही. म्हणजे थोडा रागावेन.

भाचा

१५ मार्च

चिरंजीव,

हे पत्र मी दुकानात बसून लिहितो आहे. तुझ्या आत्याने मला लिहायला सांगितलेलं नाही, उलट लिहू नका असं बजावलंय. मधेच अक्षर वाकडं झालं तर गिऱ्हाईक आलं असं समज.

डबी माझ्या दुकानात होती हे खरं. मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं, पण तुझ्या आत्याला नाही म्हणायचं तर त्यासाठी माणूस वेगळ्या मातीचा लागतो. डबीचा पंप गुणगुणायचा आणि गिऱ्हाइकं विचारायची की हे काय आहे. एकाला मी म्हटलं डास मारायचं यंत्र आहे, तर त्याला तसलंच घरासाठी हवं झालं. दुसरा एक म्हातारा त्या आवाजाने सारखी मान वळवायचा, त्याचा एक कल्ला वर गेला आणि एक खाली राहिला. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

तुझं पत्र तिने उभ्याने वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. मला म्हणाली, "त्याने मला पक्की म्हटलं होतं हो." एवढंच. दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. मी म्हटलं, अगं, गाडी गेली तर जाऊ दे, माझं दुकान आहे, गल्ल्यावर बस. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वस्तऱ्याला धार लावायला निघून गेलो.

आज पहाटे मात्र तिने डबी घेतली, माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, चिमटा नीट लावून द्या. मी लावून दिला. सकाळी उठल्यावर तिला खोकला येतो, हे तिने तुला लिहिलं नसेल. लिहिणारही नाही. म्हणून मी

(गिऱ्हाईक आलं.)

आतोबा

१९ मार्च

ठोंब्या,

चुकले. हा शब्द मी फार वापरत नाही, म्हणून कोरा आहे. जपून ठेव.

दुकानात डबी टांगायची अक्कल माझीच, यांचा काही दोष नाही. मला वाटलं, माझी डबी पांढरी निघाली की मी सुटले. दुसऱ्याची बस जाईल हे डोक्यातच आलं नाही. भीती वाटली की माणूस एवढाच होतो, स्वतःच्या सीटएवढा. यांनी तुला पत्र लिहिलंय हे मला कळलंय, कारण त्या दिवशी दुकानातून परत आले तेव्हा यांच्या बोटांना शाई होती आणि चेहऱ्यावर चोराच्या मनातलं चांदणं पडलं होतं.

आता खरी हकिकत ऐक. डबी कॉलरला लावून मी गाडी काढली. पहिल्याच थांब्यावर एक पोरगी म्हणाली, "बाई, तुम्हाला सलाइन लावलंय का?" मी म्हटलं, हो, माझ्यातून गाडीत डिझेल जातं. सगळी गाडी हसली. एरवी मी रस्त्यावर फक्त गिऱ्हाईक बघते, कोण चढतंय, कोण उतरतंय. त्या दिवशी पहिल्यांदा हवेकडे बघितलं. मोठ्या चौकात सिग्नलला सगळे एकदम ब्रेक मारतात तेव्हा करपल्यासारखा वास येतो. इतकी वर्षं तो मला चौकाचाच वास वाटायचा. पुलाखाली तर समोरच्या ट्रकने धूर सोडला आणि मी खिडकी लावली, डबीला त्रास होऊ नये म्हणून. बघ म्हणजे. स्वतःसाठी मी कधी लावली नव्हती.

संध्याकाळी टोपण लावताना फिल्टर बघितला. काळा आहे रे. करडा नाही, काळा. यांना दाखवला, ते म्हणाले, "प्रकाश कमी आहे." दिव्याखाली धरला, तर जास्तच काळा दिसला.

तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून पाठवते आहे. नंबरामागचं नाव तू सांगणार नाहीस हे मी धरून चालले आहे. आणि मला खरंच उतरावं लागणार असेल, तर ते तूच मला लिही. डेपोत कुणाच्या तोंडून कळायला नको.

आत्या

३० मार्च

प्रिय आत्या,

तुझा तो शब्द जपून ठेवलाय. त्याला आता माझा जोड शब्द लाव, मीही चुकलो. पंप, नळी, चिमटा सगळं समजावलं, आणि माणूस घाबरेल हे राहिलं.

मॅडमनी तुझा फिल्टर बघितला आणि म्हणाल्या, "सात नंबर शेवटी रस्त्यावर आली तर." त्यांना काय कळलंय आणि काय नाही, मी विचारत नाही.

आकडे आले आहेत आणि लपवत नाही, ते वाईट आहेत. पण एक गोष्ट मला समजत नाही. तुझ्याच मार्गावर, तुझ्याच पाळीत गाडी चालवणारे आणखी दोघं आहेत. त्यांच्या डब्यांवरही धातू आहे, रस्त्याचा असतो तेवढा. तुझ्या डबीवर त्यांच्या कितीतरी पट आहे. चौक तोच, पूल तोच, ट्रक तेच. मग तूच एवढी काळी कशी? दोन रात्री मी हाच विचार करतोय. यावेळी दुकानावर संशय नाही, केस सापडला नाही.

एक काम कर. यावेळी तीन डब्या पाठवतोय. पहिली घरातून निघताना लाव आणि गाडी डेपोच्या फाटकाबाहेर काढण्याआधी बदल. दुसरी रस्त्यावर. तिसरी गाडी परत आत लावल्यापासून घरी पोचेपर्यंत. टोपणांवर मी खुणा केल्या आहेत. आणि मला लिही, फाटकाबाहेर पडण्याआधी तू सकाळी नक्की काय काय करतेस. तुला क्षुल्लक वाटेल तेही लिही.

खोकल्याचं मला माहीत आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस.

तुझा,
भाचा

६ एप्रिल

ठोंब्या,

सकाळी मी काय करते ते विचारतोस? जे कुणी करत नाही ते करते.

गाडी सकाळी उभी असते ती मोठ्या शेडमध्ये, खालून बघायला जमिनीत लांब खड्डा केलेला असतो त्याच्यावर. बाकीचे ड्रायव्हर येतात, चहा पितात, गाडी काढतात. मी आधी खड्ड्यात उतरते. तिथे हवेच्या दाबाचा पाइप असतो, टायरमध्ये हवा भरायचा. तो घेऊन मी चारही चाकांमागे ब्रेकमध्ये हवा मारते. आतली सगळी भुकटी फुस्स करून बाहेर. हे खरं तर मेकॅनिकचं काम, पण तो फुंकतो तेव्हा अर्धी भुकटी आतच राहते, मग ब्रेक किंचाळतात आणि उभी असलेली म्हातारी माणसं दचकतात. माझ्या गाडीचा ब्रेक लागलेला कळत नाही, माहीत आहे? झोपलेलं मूल जागं होत नाही. सगळा डेपो म्हणतो, गाडी ठेवावी तर हिने. मेकॅनिक बिचारा तेवढ्या वेळात शेडच्या बाहेर जाऊन उभा राहतो. मला वाटायचं कामचुकार आहे.

हे लिहिता लिहिता मला सगळं कळलं असं तुला वाटेल, पण मला कळलं ते पत्र लिहायच्या आधीच. पहिली डबी बदलायला काढली आणि तिथेच गाडीजवळ उभी राहिले. गाडी अजून जागची हलली नव्हती. एक चौक ओलांडला नव्हता, एक ट्रक आडवा आला नव्हता, आणि डबी तव्याच्या बुडासारखी काळी. दुसरी संध्याकाळी बघितली, ती करडी. तिसरी तर बरीच गोरी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. शहराला नावं ठेवायला निघालो आणि धूळ निघाली माझ्याच हातातल्या पाइपातून. मेकॅनिक शहाणा, बाहेर उभा राहतो. मी आतमध्ये तोंड वर करून, डोळे बारीक करून, सगळी नीट निघाली का ते बघते. मायेनं बघते रे.

तिन्ही डब्या पाठवते आहे. तू काय लिहिणार ते मला कळलंय, तरी लिही.

आत्या

१७ एप्रिल

प्रिय आत्या,

तुला कळलंय तेच लिहितो. पहिल्या डबीत लोखंड आणि तांबं इतकं होतं की यंत्राने द्रावण पातळ करून मागितलं. ब्रेकची भुकटीच ती. दुसऱ्या डबीत रस्त्याची धूळ, बाकीच्यांसारखीच. ती काही कमी नाही, सगळ्यांचीच नको तेवढी आहे. म्हणून बंद केबिनच्या बसची शिफारस आम्ही कायम ठेवतोय. तुझ्या बाळंतिणीला सांग.

आता तुझं. गाडी तुझा घात करत नाहीये, पाइप करतोय. पाइप सोडलास तर तूही बाकीच्यांसारखी होशील. हे मी भाचा म्हणून नाही, आकड्यांवरून सांगतोय, आणि भाचा म्हणून सांगतो, सोड. आमच्या अहवालात एवढंच असेल की ब्रेकची भुकटी हवेने उडवणं शेडमध्ये बंद करावं, ओल्या फडक्याने पुसावी किंवा शोषून घेणारं यंत्र वापरावं. तुझं नाव नाही, नंबरसुद्धा देत नाही. हे कुणी केलं ते कुणाला कळायचं कारण नाही. तू नुसती गप्प राहा. एवढं तुला जमेल का, हाच काय तो प्रश्न.

ब्रेक थोडे किंचाळले तर किंचाळू दे. म्हाताऱ्यांची मी माफी मागतो.

तुझा,
भाचा

९ मे

ठोंब्या,

नाही जमलं.

तुमचा अहवाल आला. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि मोठ्याने वाचून दाखवला. पाइपाचं ते वाक्य आलं आणि साहेब थांबले. कागद खाली करून मेकॅनिककडे वळले आणि म्हणाले, "पाइप तुझ्या ताब्यात असतो. एवढी वर्षं तू भुकटी उडवत होतास?" सगळ्या डेपोला माहीत आहे कोण उडवतं. एकही माणूस बोलला नाही. माझ्यासाठीच गप्प बसले, मला कळलं. मेकॅनिकही बोलला नाही. खाली मान घालून उभा राहिला आणि बोलणी खायला लागला.

तू लिहिलं होतंस गप्प राहा. मी प्रयत्न केला, खरंच. पण त्याची ती खाली घातलेली मान मला बघवेना. मी म्हटलं, "साहेब, त्याला सोडा. पाइप मी मारते. सात नंबरची डबी माझी आहे."

साहेब म्हणाले, "उद्या गाडी काढू नका. डॉक्टरांकडे जा, मग बघू."

मग बघू. हे दोन शब्द घेऊन मी घरी आले. जिची मला फेब्रुवारीपासून भीती होती ती गोष्ट मी स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतली होती. यांनी चहा ठेवला. सकाळी डॉक्टरीण बाईंकडे गेले. तिने नळीत फुंकर मारायला लावली, रक्त घेतलं, छातीला ती गार चकती लावली. मी तिला म्हटलं, "बाई, मला गाडीवरून उतरवू नका, बाकी वाटेल ते करा." ती म्हणाली, "तुमची छाती माझ्यापेक्षा दणकट आहे. खोकला धुळीचा आहे, धूळ बंद केलीत की जाईल. पाइपाला हात लावायचा नाही, बाकी गाडी चालवा की." मी म्हटलं, हे कागदावर लिहून द्या. तिने दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मग माझ्याकडे काय बघताय? पहिल्या फेरीला उशीर होतोय." एवढंच बोलले. मेकॅनिक शेडच्या दारात उभा होता. हातात ओलं फडकं. म्हणाला, "ताई, आज चारही चाकं मी केलीत. ओरडली तर मला शिव्या द्या." ओरडली रे, दोनदा ओरडली. मी शिव्या दिल्या नाहीत.

गाडी फाटकाबाहेर काढली. सकाळची वेळ, मागे दोन-तीनच माणसं. पहिल्या सिग्नलला थांबले आणि मला रडू आलं. आवरता येईना. इतकी भ्याले होते हे मला तेव्हा कळलं, भीती गेल्यावर. शेजारी एक रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय झालं हो बाई?" मी म्हटलं, "काही नाही, डोळ्यात धूळ गेली."

खोटं बोलले. माझ्या डोळ्यात काहीही गेलं नव्हतं. तुझ्या मॅडमना सांग, हे तुमच्या यंत्राला कळायचं नाही.

आत्या